वारी, पाणी आणि पोटाचे आजार
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात आरोग्य सेवा पथकाच्या वतीने झालेले भाषण)

सोहळ्यात पथकाने काहीतरी बोलावे असा निरोप आला, तेव्हा आम्ही विचारले, विषय कोणता? उत्तर मिळाले, "वाटेने दरसाल जे सांगता तेच सांगा, पण एकदा बसून, सविस्तर सांगा." वाटेने आम्ही सर्वांत जास्त वेळा काय सांगतो? पायाच्या फोडांविषयी सांगतो, उन्हाविषयी सांगतो. पण सगळ्यांत जास्त सांगतो ते हगवणीविषयी. मंगल प्रसंगी असे नाव काढू नये, असे कोणाला वाटले तर क्षमा असावी. पण या दिंडीच्या शंभर वर्षांत वारकऱ्याला वाटेतून माघारी न्यायला लावणारा आजार कोणता, असे विचारले तर पहिले नाव याचेच येईल. आणि हाच आजार असा आहे की जो बहुतेक वेळा टाळता येतो. म्हणून हा विषय.

आधी थोडा मागचा काळ आठवू. शंभर वर्षांपूर्वी आपली परभणी निजामाच्या राज्यात होती आणि पंढरपूर इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे आपले वाडवडील पायी चालत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात. निघताना घरच्यांचा निरोप घेत तो परत भेट होईल न होईल अशा मनाने. वाटेत चोराचिलटाचे भय होतेच, पण त्याहून मोठे भय पटकीचे होते. पटकी म्हणजे कॉलरा. कोणी मरीआईचा कोप म्हणे, कोणी जरीमरी म्हणे. सकाळी टाळ वाजवणारा माणूस संध्याकाळी गेलेला, असे होई. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, वर उलट्या, हातापायाला गोळे, डोळे खोल, आवाज बसलेला. काही तासांत खेळ संपे.

त्या काळी साहेब लोकांनी दोष यात्रेला दिला. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला देशोदेशींच्या वैद्यांची आरोग्य परिषद भरली होती. तिने हिंदुस्थानातल्या यात्रांकडे बोट दाखवले की कॉलरा पसरवण्यात यांचा मोठा हात आहे. पुढल्याच वर्षी, १८६७ साली, हरिद्वारच्या कुंभमेळ्यात मोठी साथ आली आणि ते म्हणणे अधिकच पक्के झाले. यात्रा बंद करा, यात्रेकरूंवर कर लावा, अशा गोष्टी सुरू झाल्या. हे अर्धे खरे होते. गर्दीत साथ पसरते, हे खरे. पण गर्दी हे साथीचे मूळ नाही. लंडनला १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाचा शोध लावला. त्या पंपाचे पाणी पिणारे लोक मरत होते. तिथे यात्राही नव्हती आणि दिंडीही नव्हती. होते ते फक्त घाण मिसळलेले पाणी. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात रोग्यांच्या पोटात आणि तळ्याच्या पाण्यात तोच जंतू सापडला. तेव्हा हे ठरले की पटकी ही देवीचा कोप नाही आणि यात्रेचाही दोष नाही. एका माणसाची विष्ठा दुसऱ्याच्या तोंडात जाते, इतकीच ती गोष्ट आहे. ऐकायला किळसवाणे वाटते, पण जसे आहे तसे बोलल्याशिवाय उपाय सापडत नाही.

इथे बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींना टोचणी आठवत असेल. वारीला जायचे तर कॉलऱ्याची सुई घ्यावी लागे, दंड दोन दिवस सुजलेला असे. ती सुई पुढे बंद झाली. कारण तिचा आधार थोड्या महिन्यांचा आणि तोही अर्धामुर्धा होता. १९७३ साली जागतिक आरोग्य सभेने प्रवासासाठी कॉलऱ्याच्या लशीच्या दाखल्याची अट काढून टाकली. त्या सुईने जे साधले नाही ते नळाच्या क्लोरीनने, संडासाने आणि साबणाने साधले. आज वाटेवर कॉलरा क्वचित दिसतो. पण त्याची भावंडे आहेतच. वर्तमानपत्रात आपण 'गॅस्ट्रोची लागण' असे वाचतो ना, तीच ही भावंडे. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, ई-कोलाय, शिगेला अशी त्यांची नावे. नावे लक्षात ठेवू नका. घरात शिरायची दारे लक्षात ठेवा. दारे सगळ्यांची तीच आहेत.

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ संडास झाली की तिला हगवण म्हणायचे. चौदा दिवसांच्या आत थांबली तर ती तीव्र हगवण. आता ती कोणाला होते, का होते, कोणाला जास्त बाधते, हे आपण एकेक करून पाहू.

पहिले दार पाण्याचे. आपली वारी निघते ज्येष्ठात आणि पोचते आषाढात. म्हणजे नेमका पहिल्या पावसाचा काळ. आपल्या जिल्ह्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. गावाभोवती, ओढ्याकाठी, बांधाला वर्षभर जी घाण साचलेली असते ती पहिल्या दोन पावसांत वाहून विहिरीत, आडात, ओढ्यात, आणि शेवटी दुधना, पूर्णा, गोदावरीत येते. पाणी गढूळ दिसते तेव्हा माणूस सावध होतो. चार दिवसांनी ते निवळते, स्वच्छ दिसते, आणि माणूस ओंजळ भरून पितो. जंतू निवळत नाहीत, मायबाप. नितळ पाणी आणि शुद्ध पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नळाचे पाणी तरी निर्धोक का? जिथे चोवीस तास पाणी असते तिथे बरेचसे निर्धोक. आपल्याकडे चार दिवसांआड, आठ दिवसांआड नळ येतो. पाणी बंद झाले की पाइपात पोकळी होते, आणि पाइप जर गटारातून गेलेला असेल व जोडाला गळती असेल तर गटारातले पाणी आत ओढले जाते. नळ सुटल्यावर पहिल्या हंड्यात तेच येते. म्हणून पहिला हंडा पिण्याला घेऊ नये, सडा-सारवणाला घ्यावा, आणि मागाहून भरलेल्या पाण्यातही औषध टाकावेच. टँकरचेही तसेच. टँकर कुठे भरला, आतून केव्हा धुतला, नळीचे तोंड चिखलात पडले होते का, हे कोणी विचारत नाही. तहान लागलेला माणूस विचारणारही नाही. विचारायचे काम दिंडीचे आहे.

आणि पाणी शुद्ध आणले तरी काम संपत नाही. आम्ही मुक्कामावर कितीदा तरी पाहतो. रांजण धुतलेला, पाणी औषध टाकलेले, आणि रांजणात माणसे गिलासासकट हात बुडवतात. एका हाताने सारा रांजण बाटतो. इथे आम्ही शिवाशिवीचा विटाळ म्हणत नाही. त्या विटाळाला संतांनी केव्हाच हाकलून दिले आहे. आम्ही नखातल्या घाणीचा विटाळ म्हणतो, तो राजा-रंक सगळ्यांचा सारखाच. उपाय साधा आहे: लांब दांड्याचे वगराळे ठेवा, किंवा तोटीचे पिंप ठेवा. चार पैशांची गोष्ट आहे.

दुसरे दार हातांचे. संडासाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुतले तर साधारण तीन हगवणींतली एक टळते, असे देशोदेशींच्या अभ्यासांतून दिसले आहे. राखेने धुतले तरी चालेल, मातीने मात्र धुऊ नये. उघड्यावरच्या मातीत जंत आणि जंतू दोन्ही असतात. पंगतीत बसणारे पाचशे असतील, पण वाढपी दहा असतात आणि आचारी चार. आधी त्या चौदांचे हात धुऊन घेतले पाहिजेत. ज्या आचाऱ्याला किंवा वाढप्याला स्वतःला हगवण लागली आहे, त्याने थांबल्यानंतरही दोन दिवस चुलीजवळ येऊ नये. सेवा चुकली असे त्याला वाटते. त्याला दुसरी सेवा द्या, तंबू बांधायची द्या, पालखीची द्या. पण भाजी चिरायची देऊ नका.

तिसरे दार अन्नाचे. दिंडीत अन्नदान होते ते श्रद्धेने होते, त्याला नाही म्हणणे जड जाते. पण पहाटे रांधलेला भात दुपारी दोनला, उन्हात तापलेल्या पातेल्यातून वाढला जातो. भातात एक जंतू असा आहे की शिजवल्यावरही त्याचे बीज मरत नाही, आणि कोमट भातात तो वाढून विष तयार करतो. मग पुन्हा गरम केला तरी ते विष जात नाही. म्हणून शिजल्यापासून दोन तासांच्या आत पंगत बसवावी. रस्त्यावरचा बर्फाचा गोळा, बर्फ टाकलेले ताक, उसाचा रस, चिरून ठेवलेले टरबूज, यांपासून दूर राहावे. मासे-भाजीसाठी आणि कारखान्यांसाठी केलेला बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. फळ खायचे तर केळी खा, सोलून खायचे ते खा.

एकादशीच्या फराळाविषयी वेगळे सांगतो, कारण ही गोष्ट आपल्या शेजारची आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडीला धार्मिक कार्यक्रम होता. संध्याकाळी भगर-आमटीचा प्रसाद झाला. आसपासच्या गावांचे लोक जेवले आणि पहाटेपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. सुमारे दोन हजार लोकांना त्रास झाला. लोह्याचे रुग्णालय भरले, लोकांना नांदेडला न्यावे लागले. प्रसाद करणाऱ्याची श्रद्धा कमी नव्हती, खाणाऱ्याचीही नव्हती. पण भगर दमट जागी राहिली की तिच्यावर बुरशी धरते, आणि पीठ करून ठेवले तर फारच लवकर धरते. म्हणून भगर सुटी घेऊ नका, पाकिटबंद, तारीख पाहून घ्या. लागेल तेवढीच आणा. निवडून, धुऊन, ताजी शिजवा. पीठ दळून साठवू नका. आणि भगरीची आमटीसुद्धा उरली तर दुसऱ्या दिवशी वाढू नका. उपवास पोटाला विसावा देण्यासाठी आहे.

चौथे दार माशीचे आणि उघड्यावरच्या घाणीचे. आणि इथे आम्हाला आयाबायांच्या बाजूने दोन शब्द बोलायचे आहेत. वाटेने बाई पाणी का पीत नाही, हे आम्ही कितीदा विचारले. उत्तर एकच, "दादा, पाणी पेलं की जावं लागतंय. अन् जायचं कुठं?" पहाटे तीनला उठायचे, अंधारात उरकायचे, आणि मग दिवसभर घोटघोट. अशी बाई आधीच सुकलेली असते. तिला दोन पातळ संडास झाल्या तरी ती चक्कर येऊन पडते. तिच्या बरोबरीने चालणारा पुरुष तितक्याच हगवणीत चालत राहतो. म्हणजे संडास नसणे हे दोन बाजूंनी घात करते: माशी बसायला घाण मिळते, आणि बाईच्या अंगातले पाणी आटते.

याचे अजून एक टोक पंढरपुरात आहे. यात्रा उलगली की मागे जे उरत असे ते कोणीतरी हाताने उचलत असे. ही गोष्ट उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि न्यायालयाने २०१४-१५ च्या सुमारास शासनाला आणि नगरपालिकेला पुरेशी शौचालये करण्यास फर्मावले. आता निर्मल वारीत पालखीमार्गावर फिरती शौचालये उभी असतात. ती वापरायला कंटाळणारे वारकरी आम्ही पाहतो. त्यांना एवढेच म्हणतो की गाडगेबाबा पंढरपुरात दर्शनाला आत जात नसत, बाहेर खराटा घेऊन झाडत असत. त्यांनी वाळवंट झाडले ते आपण पुन्हा घाण करावे म्हणून नाही.

आता दारांविषयी सांगून झाले. पण एकाच पंगतीत जेवलेल्या दहा जणांपैकी तिघांना हगवण लागते, आणि त्या तिघांपैकी एकाची हालत खराब होते. हे का? कारण धोका बाहेर असतो तसा अंगातही असतो.

सगळ्यांत मोठा धोका लहान लेकरांना. जगात पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक लेकरे दरसाल हगवणीने जातात. ज्या लेकराचे वजन कमी, त्याला हगवण जास्त वेळा लागते. आणि हगवण लागली की वजन आणखी घटते. हे जाते उलटसुलट फिरत राहते. सहा महिन्यांपर्यंत नुसते आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, घुटीही नाही, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भक्कम बचाव आहे. बाटली मात्र हगवणीचे माहेर आहे. तिच्या बुचात जंतू राहतात. वाटीचमचा वापरा. रोटाव्हायरसची लस महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात आहे. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तोंडाने पाजतात, पैसे लागत नाहीत. गोवराची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोसही चुकवू नका. गोवरानंतरची हगवण फार वाईट असते. आपण वारीला निघतो तेव्हा लेकरे घरी आजीजवळ राहतात. तुमच्या माघारी डोस चुकला का, हे आशाताईंना निघण्याआधी विचारून घ्या.

दुसरा धोका म्हाताऱ्या माणसांना, आणि दिंडीत निम्मे डोके पांढरे असते. वयाबरोबर तहान कमी लागते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. ऊन, चाल, एकादशी, आणि वर हगवण, असे चार जण एकदम अंगावर आले की माणूस कोसळतो. मग म्हणतात, "काय नाय, ऊन बाधलं." ऊन बाधले असेलही, पण आम्ही आधी विचारतो, संडास किती वेळा झाली, लघवी केव्हा झाली. साखरेचा, रक्तदाबाचा, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पहिल्याच जुलाबाला आमच्या गाडीवर यावे. गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे स्वतः ठरवू नये.

आणि पोटाचा आजार पोटातच थांबेल असेही नाही. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात आणि आसपास, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या भागात, दोनशेहून अधिक लोकांचे हातपाय लुळे पडायला लागले. गिलियन-बॅरे नावाचा तो आजार. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी हगवण झाली होती, आणि तपासात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा पोटाचा जंतू सापडला. बोट पुन्हा पाण्याकडेच गेले. म्हणून 'दोन दिवस पोट बिघडलं, त्यात काय' असे म्हणू नये.

आता हगवण लागलीच तर काय करायचे, ते सांगतो. हगवणीत माणूस मरतो तो जंतूने कमी आणि अंगातले पाणी व मीठ गेल्याने जास्त. जेवढे गेले तेवढे परत घातले की माणूस वाचतो. ही गोष्ट जगाला ज्यांनी करून दाखवली त्यांत आपल्या देशाचे डॉक्टर दिलीप महालनोबिस होते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालच्या सीमेवर आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पेटला. शिरेतून द्यायचे सलाइन संपले. लोक जमिनीवर पडलेले. तेव्हा डॉक्टरांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावले. शंभरात तीसच्या आसपास दगावत होते, ते चारच्याही खाली आले. २०२२ साली ते वारले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. विचार करा, तिथे आईने लेकराला आणि भावाने भावाला चमच्याने पाजले आणि साथ हटली. आपल्या दिंडीत तर एकमेकांना माउली म्हणणारे पाचशे हात आहेत.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचे. अर्धे पाकीट, अर्धा गिलास, असले हिशेब करू नयेत. कमी पाण्यात घट्ट झाले तर नुकसान होते. केलेले पाणी चोवीस तासांत संपवायचे, उरले तर फेकायचे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटाने कड साफ केलेला. जास्त मीठ घालू नका. चव अश्रूंपेक्षा खारट नको. दुकानात खोक्यात मिळणारे गोड सरबत ओआरएस नव्हे. म्हणूनच २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली.

दर संडासाला दोन वर्षांखालच्या लेकराला अर्धा कप, मोठ्या लेकराला एक कप, आणि मोठ्या माणसाला मागेल तेवढे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा चमचा-चमचा. बाई म्हणते, "पाजलं की बाहेर पडायलंय, म्हणून बंद केलं." बंद करू नका, माय. बाहेर पडते म्हणूनच पाजायचे. अंगावरचे दूध चालू, भाताची पेज चालू, मऊ खिचडी चालू. लेकराला झिंकची गोळी चौदा दिवस: सहा महिन्यांपुढे वीस मिलिग्रॅम, त्याहून लहानाला दहा. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी गोळी चौदा दिवस पुरी करायची, पुढच्या दोन-तीन महिन्यांची हगवण त्याने कमी होते. जुलाब एकदम थांबवणारी गोळी लेकराला देऊ नये. आणि प्रत्येक हगवणीला प्रतिजैविक लागत नाही, सलाइनही लागत नाही. "एक बाटली लावा म्हणजे ताकद येईल" असे म्हणून मंडळी गाडीपुढे बसतात. पिता येत असेल तर तोंडातून गेलेले पाणीही तेच काम करते.

पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर थांबायचे नाही, थेट रुग्णालय: शेंबीचे, रक्ताचे जुलाब, तांदळाच्या धुवणासारखे सारखे जुलाब, सहा तासांत लघवी नाही, डोळे खोल, पोटाची कातडी चिमटून सोडली तर हळूहळू खाली बसते, लेकरू सुस्त, दूध ओढत नाही, माणूस बरळतो. इथे रिंगण पाहून जाऊ, मुक्कामाला पोचून दाखवू, असे म्हणू नका. १०८ ला फोन लावा. वारी चुकली तर पुढच्या वर्षी आहे.

आता शेवटचे आणि आमच्या मते महत्त्वाचे. दिंडीत मान कोणाकोणाला असतो? विण्याला असतो, पताकेला असतो, चोपाला असतो, तुळशीला असतो. तुळशीवालीच्या शेजारी डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चालणारी बाई असते. ती तहानलेल्याला पाणी पाजते. शंभर वर्षे ती चालते आहे. तिला आपण नमस्कार करतो, पण हंड्यात पाणी कुठले भरायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. आमची विनंती अशी की एकशे एकाव्या वर्षापासून पाण्याचा मानकरी नेमावा, आणि तो मान या हंडेवाल्या माउलींनाच द्यावा. दोघी-चौघींना शिकवण्याचे काम आमचे.

शिकायचे फार नाही. टँकर आला की आधी विचारायचे, कुठे भरला. क्लोरीनची चाचणी करायची. थेंब टाकले की पाणी पिवळसर झाले पाहिजे. पिवळे झाले नाही तर ते पाणी पिण्याला नाही. हंड्याला औषध टाकायचे: अर्ध्या ग्रॅमची एक गोळी वीस लिटरला, किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिले असतील तितके. टाकल्यावर अर्धा ते एक तास थांबायचे. टाकले आणि प्यायले, असे नाही. गढूळ पाणी आधी चार पदरी फडक्याने गाळायचे, मग औषध, कारण गाळात औषध वाया जाते. ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपली टीसीएल, बंद डब्यात सावलीत ठेवायची. उघड्या पोत्यातली पावडर महिनाभरात नुसता चुना होते. "औषधाचा वास येतो, पाणी कडू लागतंय" असे कोणी म्हणाले, तर तिने म्हणायचे, तो वास आहे तोवर पाणी चांगले आहे. आणि तिने नको म्हटलेले पाणी विणेकऱ्यानेही पिऊ नये. मान म्हणजे एवढेच.

हे दिंडीपुरते राहू नये. इथे साठ-सत्तर गावांची माणसे बसली आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीला आरोग्य खाते पाण्याच्या तपासणीनंतर कार्ड देते. लाल म्हणजे धोका मोठा, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे कमी. आणि पाच वर्षे साथ आली नाही तर चंदेरी. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे इथून गेल्यावर ग्रामसेवकांना विचारा. जलसुरक्षक कोण आहे, तो टीसीएल रोज टाकतो का, हे विचारा. ज्या गावाचा वारकरी वर्षातून पंधरा-अठरा दिवस चांगले पाणी पितो आणि उरलेले वर्ष लाल कार्डाच्या विहिरीचे, त्याची वारी आम्ही अर्धीच समजतो.

पुढच्या ज्येष्ठात आपण गंगाखेडला गोदावरी ओलांडू. ती जनाबाईंची भूमी. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, हेच जिच्या भक्तीचे साहित्य होते, तिच्या गावात पाण्याचा हंडा पहिल्यांदा मानाने उचलला जावा, अशी आमची इच्छा आहे. दिंडीचालकांनी आणि महाराजांनी ती मान्य करावी. गोळ्या, चाचणीचा संच आणि दहा वगराळी पथकाकडून येतील.